शंभर डॉलरचा अजगर-परवाना
अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात मोठे साप पाळण्यासाठी १ जानेवारी २००८ पासून परवाना सक्तीचा झाला. शुल्क वर्षाला १०० डॉलर. बर्मीज अजगर, हिरवा अ‍ॅनाकोंडा आदी जातींच्या कातडीखाली ओळख पटविणारी मायक्रोचिप बसविणेही बंधनकारक ठरले.

मात्र एव्हरग्लेड्सच्या दलदलीत बर्मीज अजगरांची वीण त्यापूर्वीच सुरू झाली होती. हौसेने आणलेले पिल्लू चार-पाच मीटरचे झाले की हौस ओसरते आणि साप रानात सोडला जातो. असे मालक परवान्याच्या रांगेत उभे राहण्याची शक्यता तशी कमीच. जुलै २००९ मध्ये याच राज्यात पेटीतून निसटलेल्या पाळीव बर्मीज अजगराने दोन वर्षांच्या बालिकेचा बळी घेतला. त्या अजगराचा परवाना नव्हता.

त्यानंतर नियम कडक होत गेले. २०१० मध्ये हौसेखातर नवा अजगर घेण्यास राज्याने बंदी घातली. जुन्या परवानाधारकांना आपला साप मरेपर्यंत सांभाळण्याची मुभा राहिली. २०१२ मध्ये केंद्र सरकारने बर्मीज अजगराची आयात रोखली, तर २०२१ मध्ये राज्याने त्याला प्रतिबंधित यादीत टाकले. नकोसा झालेला साप मात्र राज्याचे वन्यजीव खाते शुल्क वा दंड न आकारता स्वीकारते.