बागेतील आगगाडी आणि तिची भाषा

खेळातली आगगाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ती दिवाणखान्यातल्या फरशीवर गोल गोल फिरणारी किल्लीची गाडी. पण जर्मनी, इंग्लंड, अमेरिका या देशांत पुष्कळ पोक्त माणसे घरामागच्या बागेत लोहमार्गाची चांगली थोरली प्रतिकृती उभारतात. फुलझाडांच्या मधून, लहानशा पुलावरून, पावसापाण्यात वीत-दीड वीत लांबीची इंजिने डबे ओढीत जातात. या नादी माणसापुढे आज एक प्रश्न हमखास उभा राहतो. इंजिनाला हुकूम द्यायचा कोणत्या पद्धतीने? बाजारात डिजिटल नियंत्रणाचे नाना संच आहेत, किमती भारी आहेत, आणि एकदा घेतलेला संच वर्षानुवर्षे वापरायचा असतो. दुकानदार विचारतो, "कोणती पेटी देऊ?" माझे म्हणणे असे की, पेटीला हात लावण्यापूर्वी या पेट्यांचा इतिहास तेवढा ऐकून घ्यावा.

सुरुवात रुळांपासून करू. गोपिंगेन गावच्या मार्कलिन कंपनीने १८९१ साली लायप्झिगच्या जत्रेत खेळातल्या गाड्यांसाठी ठराविक मापाचे रूळ मांडले. तोवर एका घरची गाडी दुसऱ्या घरच्या रुळावर चालेल याची खात्री नसे. माप ठरले आणि हा धंदा वाढीला लागला. पुढे १९६८ साली न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने आपली 'एलजीबी' ही बागेतली गाडी काढली. रुळांतले अंतर ४५ मिलिमीटर. मीटरगेज हा शब्द आपल्याला नवा नाही. त्या एक मीटरला साडेबावीसने भागले की सुमारे ४४ मिलिमीटर येतात. म्हणजे ही मीटरगेज गाडीची साडेबाविसाव्या हिश्शाची प्रतिकृती झाली. ऊनपाऊस सोसेल असे प्लॅस्टिक आणि पितळेचे रूळ यांमुळे गाडी कायमची बागेत गेली.

आता हुकुमाची गोष्ट. जुनी रीत अगदी सरळ होती. दोन रुळांत वीज सोडायची. दाब वाढवला की वेग वाढतो, धन-ऋण टोके उलटी केली की गाडी मागे फिरते. एक गाडी असेपर्यंत हे ठीक. दुसरी गाडी त्याच रुळांवर आली की काय होतं? दोघी एकदमच धावतात आणि एकदमच थांबतात! कारण हुकूम जातो तो रुळाला. इंजिनाला वेगळे नावच नाही. यावर उपाय म्हणजे मार्गाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला वेगळी तार आणि वेगळे बटण. खोलीत हे जमून जाते. पन्नास-साठ मीटरच्या बागेत मात्र मातीखालून तारांचे जाळेच पसरावे लागते.

तेव्हा प्रत्येक इंजिनाला नाव द्यावे आणि नावानेच हाक मारावी, ही कल्पना निघाली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६३ साली 'अ‍ॅस्ट्रॅक' नावाची योजना काढली. तीत निरनिराळ्या कंपनसंख्येच्या लहरी रुळांतून सोडून पाच इंजिने वेगवेगळी हाकता येत. इंग्लंडात हॉर्नबी कंपनीने १९७९ साली 'झीरो वन' आणली. तिच्यात सोळा इंजिनांची सोय होती. आणि १९८५ साली मार्कलिनची डिजिटल योजना बाजारात आली. तिच्यातला हिशेब मोठा मौजेचा आहे. मोटोरोला कंपनीच्या तयार चिपा घेऊन इंजिनाचा पत्ता चार खुणांत लिहायचा, आणि प्रत्येक खूण तीन प्रकारची असू शकायची. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ८१ पत्ते. त्यांपैकी ८० वापरात आले.

या तिन्ही योजना हुशारीच्या होत्या, पण प्रत्येकीची भाषा वेगळी होती. एका कंपनीच्या पेटीचा हुकूम दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला कळत नसे. झीरो वन काही वर्षांतच बाजारातून गेली, आणि ज्यांनी आपल्या सगळ्या इंजिनांत तिची यंत्रे बसवली होती त्यांची पंचाईत झाली. इंजिने शाबूत होती. त्यांच्याशी बोलणारी नवी पेटी मिळेना.

ही अडचण सोडवली ती नादी लोकांच्या संघटनेने. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकाच्या आरंभी एक मंडळ नेमले आणि बाजारातल्या योजना तपासल्या. जर्मनीतले बेर्न्ड लेन्झ यांनी दोन रुळांच्या गाडीसाठी तयार केलेली पद्धत मंडळाला पसंत पडली. लेन्झ यांच्या कंपनीची परवानगी घेऊन, तीत भर घालून, १९९४च्या सुमारास एक खुले प्रमाण जाहीर झाले. त्याचे नाव डिजिटल कमांड कंट्रोल, थोडक्यात डीसीसी. कोणत्याही कारखानदाराने ते वाचावे आणि त्याप्रमाणे माल काढावा.

ही डीसीसी चालते कशी? रुळांत विजेचा दाब कायम असतो, पण तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. या उलटण्याच्या लांबी-आखुडीतच संदेश भरलेला असतो, तारायंत्रातल्या कट्ट-कडकट्टसारखा. अर्धा हेलकावा सेकंदाच्या ५८ दशलक्षांश भागाचा असला तर तो 'एक' समजायचा. १०० किंवा अधिक भागांचा असला तर 'शून्य'. आधी सावध करणारी एकांची रांग, मग इंजिनाचा पत्ता, मग हुकूम, आणि शेवटी पडताळ्याचा आकडा. इंजिनाच्या पोटातला डिकोडर प्रत्येक संदेश वाचतो. पत्ता आपला असेल आणि पडताळा जमला, तर हुकूम पाळतो. नाहीतर सोडून देतो. तीच वीज सरळ करून मोटरही फिरते. अशी दोन तारांत गाडीची शिदोरी आणि गाडीला धाडलेले पत्र दोन्ही जातात.

लेहमान कंपनीनेही १९९०च्या दशकाच्या मध्यास याच पायावर बागेतल्या गाडीसाठी आपली बहुगाडी योजना काढली. तिची भाषा डीसीसीच, पण बोली जराशी निराळी. शिटी, दिवा, धूर अशा कामांचे हुकूम आरंभी ठोके मोजून जात. पाच नंबरचे काम हवे तर पाच ठोके. त्यामुळे परक्या पेटीवर ही इंजिने चालत, पण शिट्या नि दिवे कधी कधी हट्ट धरीत.

इथे बागेचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. खोलीतल्या लहान इंजिनाला अर्धा अँपिअर पुरतो. बागेतले मोठे इंजिन एक ते तीन अँपिअर खाते, आणि डब्यांतल्या दिव्यांचे वेगळेच. म्हणून इथली पेटी पाच-दहा अँपिअरची लागते. पण वीस व्होल्टवर दहा अँपिअर म्हणजे २०० वॅट. गाडी घसरून दोन रूळ जोडले गेले आणि पेटीने क्षणात वीज तोडली नाही, तर चाक आणि तार वितळायला वेळ लागत नाही. दुसरे, पितळी रूळ उन्हाने वाढतात. दहा मीटरच्या रुळात तीस अंशांच्या फरकाने पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडतो. त्याने सांधे सैल होतात आणि वीज पुढे जाईनाशी होते. शिवाय दव, पाला, चिकट रस, पितळेवर चढणारा काळा थर. जुन्या रीतीत मळामुळे गाडी अडखळे एवढेच. डिजिटलमध्ये शिदोरीबरोबर पत्रही बुडते.

म्हणून बऱ्याच जणांनी दुसरी वाट धरली: वीज रुळांतून घ्यायचीच नाही. बॅटरी इंजिनात किंवा मागच्या डब्यात ठेवायची आणि हुकूम बिनतारी द्यायचा. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या अखेरीसच अशा गाड्या आल्या होत्या. लिथियम बॅटऱ्यांनी पुढे ही वाट सोपी केली. रूळ घासण्याचा जाच गेला. बॅटरी भरण्याचा आणि काही वर्षांनी ती बदलण्याचा आला. काही बिनतारी संच तेच डीसीसीचे संदेश रुळांऐवजी हवेतून पाठवतात. वाट बदलली तरी भाषा तीच राहिली.

आणि भाषा तीच राहण्याची किंमत पुढे कळली. २००६ साली लेहमान कंपनीचे दिवाळे वाजले. पुढल्या वर्षी एलजीबी मार्कलिनकडे गेली. २००९ साली मार्कलिनवरही दिवाळखोरीची पाळी आली. ती पुढे सावरली. बागेतल्या गाड्यांसाठी स्वतःची बिनतारी योजना विकणारी अमेरिकेतली अ‍ॅरिस्टोक्राफ्ट कंपनी २०१३च्या अखेरीस बंद झाली. ज्यांची इंजिने सामायिक भाषा जाणत होती त्यांनी दुसऱ्या कारखान्याची पेटी आणली आणि गाडी चालू ठेवली. ज्यांची सारी मदार एकाच घराच्या खासगी भाषेवर होती, त्यांना जुन्या मालाच्या बाजारात सुटे भाग शोधत फिरावे लागले.

तेव्हा तुम्हाला कोणी सल्ला विचारला तर एवढेच सांगा. आधी विचारावे, ही पेटी कोणती भाषा बोलते, आणि ती भाषा आणखी किती कारखाने बोलतात? मग आपल्या इंजिनांचे अँपिअर मोजावे, आणि त्याला पेटी पुरी पडते का ते पाहावे. शेवटी आपल्या मनाला प्रामाणिकपणे विचारावे, दर रविवारी रूळ घासायची आपली तयारी आहे का? नसेल तर बॅटरीची वाट धरावी. पडद्याचा आकार आणि बटणांची संख्या यांचा विचार त्यानंतर. १८९१ साली रुळांचे माप ठरले आणि कोणाचीही गाडी कोणाच्याही घरी चालू लागली. हुकुमाचे माप ठरायला त्यानंतर शंभर वर्षे लागली. ते आयते हाताशी आलेले आहे. पेटी घेताना ते हातचे सोडू नये.