करारपत्र आणि परतीचा प्रवास

मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली, की घरात दोन प्रश्न हटकून निघतात. पैशाची सोय कशी करायची? आणि शिकून झाल्यावर लेकरू परत येईल ना? शिफारसपत्र मागायला शाळेत येणाऱ्या पालकांच्या तोंडून हेच दोन प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकले आहेत. तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तो शिकायचा असेल तर १९१३ सालच्या बडोद्यास जावे लागेल.

त्या वर्षी ४ जून रोजी बावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी बडोदे सरकारच्या करारपत्रावर सही केली. महाराज सयाजीराव गायकवाडांनी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. त्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. वडील रामजी सुभेदार फेब्रुवारीतच निवर्तले होते. घरी पत्नी रमाबाई आणि अवघ्या काही महिन्यांचा यशवंत. कर्त्या माणसाचे छत्र नुकतेच हरपलेले आणि शिकलेला मुलगाही सातासमुद्रापलीकडे निघालेला! जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले, त्यामागे आशा जेवढी होती तेवढीच घरची काळजीही होती.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी वेळेचा कण न् कण वेचला. १९१५ साली एम.ए. झाले. १९१६ साली लंडनला जाऊन अर्थशास्त्र आणि कायदा अशा दोन्ही अभ्यासांना हात घातला. पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. स्वतंत्रपणे पाठविलेले सामान घेऊन येणारे जहाज महायुद्धात पाणतीराने बुडाले. त्यासोबत जिवापाड जमविलेले ग्रंथही गेले.

खरी परीक्षा पुढेच होती. कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले. पण राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहात, वहीत पारशी नाव लिहून, रोजच्या दीड रुपया भाड्याने त्यांनी आसरा घेतला. कचेरीत शिपाई कागद लांबूनच टाकीत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि जागा सोडण्याचे फर्मान सुटले. शहरातल्या दोन मित्रांची दारे ठोठावून पाहिली. एकाने नोकरांची अडचण सांगितली, दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल म्हटले. एका सार्वजनिक बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याचा विसर पडला होता, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्या विसराची किंमत मायदेशाने अशी वसूल केली.

महाराजांनी विद्येसाठी खजिना उघडला, हे त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण महाराजांचा हुकूम शहरातल्या उंबरठ्यांच्या आत पोहोचत नव्हता. शिष्यवृत्ती राजाला देता येते. घर मात्र समाजालाच द्यावे लागते.

आंबेडकर खचले नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा गाठीला बांधला. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन १९२० साली त्यांनी पुन्हा लंडन गाठले. (ज्या समाजाच्या विश्रामगृहातून हाकलले गेले, त्याच समाजातला मित्र पाठीशी उभा राहिला, हेही विसरू नये.) बॅरिस्टर होऊन आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्‌सी. मिळवूनच त्यांनी अर्धवट राहिलेला डाव पुरा केला.

आज आपली मुले आणखी दूर जातात, कर्जेही मोठी काढतात. ती परततील की नाही, याची चिंता आपण अवश्य करावी. पण त्याआधी तिसरा प्रश्न स्वतःला विचारावा : नवे विचार, नवी सवय, कदाचित परक्या जातीचा जोडीदार घेऊन ती परतलीच, तर आपण दार उघडणार आहोत का?