जलविद्युत संचातील बेअरिंगवरील भार आणि कंपन

जलविद्युत केंद्रातील मोठे संच बहुधा उभ्या दंडाचे असतात. खाली टर्बाइनचे चक्र, वर जनित्राचा रोटर आणि दोहोंना जोडणारा दंड, या साऱ्याचे वजन थ्रस्ट बेअरिंग पेलते. त्यात चक्रावरील पाण्याच्या दाबाची भर पडते. हा उभा भार आकडेमोडीने बराच अचूक काढता येतो. कठीण असतो तो गाइड बेअरिंगवरील आडवा भार. दंड मध्यरेषेवर ठेवणे एवढेच या बेअरिंगचे काम. संच निर्दोष असता तर हा भार जवळजवळ शून्यच राहिला असता.

या भाराचे एक कारण म्हणजे रोटरचा असमतोल. त्याचे बल वस्तुमान, मध्यरेषेपासूनचे विचलन आणि कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतके असते. मिनिटाला सुमारे १४३ फेरे घेणाऱ्या १००० टनांच्या रोटरचा गुरुत्वमध्य केवळ ०.१ मिलिमीटर सरकला, तरी बेअरिंगवर सुमारे सव्वादोन टनांचा फिरता भार येतो. वेग दुप्पट झाला, तर भार चौपट. दुसरे कारण चुंबकीय ओढीचे. रोटर व स्टेटरमधील फट एका बाजूस कमी झाली की ओढ त्याच बाजूस वाढते आणि फट आणखी आक्रसते. तिसरे कारण पाण्यात दडलेले असते. फ्रान्सिस टर्बाइन अंशभारावर चालवल्यास चक्राखालच्या निर्गम नलिकेत पिळदार भोवरा निर्माण होतो.

कंपनाच्या वारंवारतेवरून मूळ शोधता येते. ती फेऱ्यांइतकी असेल, तर असमतोलाचा संशय घ्यावा. जनित्र उत्तेजित करताच कंपन वाढले, तर चुंबकीय ओढीचा. फेऱ्यांच्या पाव ते एक-तृतीयांश वारंवारता बहुधा भोवऱ्याची असते.

रशियातील सायानो-शुशेन्स्काया केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी ६४० मेगावॉटचा दुसरा संच उखडला आणि ७५ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत टर्बाइनच्या झाकणाचे जे ४९ बोल्ट तपासले, त्यांपैकी ४१ बोल्टमध्ये थकव्याचे तडे आढळले. त्या सकाळी संच अंशभाराच्या वर्ज्य पट्ट्यातून वारंवार नेला गेला होता. टर्बाइन बेअरिंगच्या कंपनाची नोंद ८४० मायक्रॉनपर्यंत पोहोचली होती. मर्यादा होती १६० मायक्रॉनची. या एकाच संवेदकाच्या विश्वासार्हतेवर नंतर बरीच शंका घेतली गेली. म्हणूनच प्रत्येक गाइड बेअरिंगपाशी परस्परांशी काटकोनात दोन संवेदक बसवून दंडाच्या मध्याचा मार्ग नोंदवणे अधिक भरवशाचे मानले जाते.