झिजत्या कॅथोडची कुळकथा

कॅथोड हा शब्द मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये, केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने, ग्रीक भाषेवरून रूढ केला. त्याचा मूळ अर्थ ‘खाली उतरण्याची वाट’, म्हणजे मावळत्या सूर्याची वाट. मराठी पाठ्यपुस्तकांनी विद्युत अपघटनाच्या संदर्भात त्याला ‘ऋणाग्र’ म्हटले. परंतु वीज देत असलेल्या बॅटरीत कॅथोड हे धन टोक असल्यामुळे तो प्रतिशब्द येथे दिशाभूल करतो आणि मूळ शब्दच ठेवावा लागतो.

लिथिअम-आयन बॅटरीतील कॅथोड हे लिथिअमचे कोठार असते. चार्ज करताना लिथिअमचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले त्याचे अणू, या कोठारातून निघून समोरच्या ग्राफाइटमध्ये शिरतात आणि बॅटरी वापरात आली की परततात. अशा एका जाण्यायेण्यास चक्र म्हणतात. आयनांच्या या वर्दळीत स्फटिकाचा सांगाडा दर वेळी किंचित ताणला जातो. तो कोठे आणि कसा खचतो, यावरच या घराण्याच्या शाखा फुटत गेल्या.

घराण्याचा मूळ पुरुष लिथिअम कोबाल्ट ऑक्साइड. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ, कोइची मिझुशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे आणला आणि १९९१ मध्ये सोनीच्या बॅटरीतून तो बाजारात पोहोचला. त्यात कोबाल्ट-ऑक्सिजनच्या थरांमध्ये लिथिअमचे थर असतात. सगळे लिथिअम काढता आले, तर एका ग्रॅममागे २७४ मिलिअँपिअर-तास मिळावेत; प्रत्यक्षात दीर्घकाळ सुमारे १४० वरच समाधान मानावे लागले, कारण निम्म्याच्या आसपास लिथिअम निघाले की स्फटिकाची रचना बदलू लागते आणि आणखी ओढून काढल्यास थर ढासळतात, ऑक्सिजनही सुटू लागतो.

कोबाल्टच्या महागाईमुळे स्वस्त मँगनीजकडे लक्ष गेले. मायकेल थॅकरे यांनी ऑक्सफर्डमध्येच गुडइनफ यांच्याबरोबर स्पिनेल रचनेचा, म्हणजे आयनांना तिन्ही दिशांनी वाटा देणाऱ्या स्फटिकाचा, अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. या शाखेची व्याधी अधिक गुंतागुंतीची आहे आणि कॅथोडची झीज समजून घेण्यासाठी तिच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडते. तीन इलेक्ट्रॉन गमावलेले मँगनीजचे दोन आयन एकत्र आले की एक चौथा इलेक्ट्रॉन गमावतो आणि दुसरा तो स्वीकारून विरघळण्याजोगा होतो. इलेक्ट्रोलाइटमधील, म्हणजे दोन्ही टोकांदरम्यान आयन वाहून नेणाऱ्या द्रवातील, क्षाराशी पाण्याच्या अंशाची अभिक्रिया होऊन तयार होणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल या विरघळण्याला हातभार लावते. विरघळलेले मँगनीज पलीकडच्या ग्राफाइटवर साचते, तेथील संरक्षक पापुद्रा बिघडवते आणि तो पुन्हा पुन्हा दुरुस्त होताना लिथिअम कायमचे अडकून पडते. म्हणजे विकार कॅथोडचा, पण त्याचे मोल मोजावे लागते पलीकडच्या टोकाला.

टेक्सास विद्यापीठात अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी १९९७ मध्ये मांडलेले लिथिअम लोह फॉस्फेट या मानाने फार सोशिक निघाले. त्यात फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचे बंध घट्ट असल्यामुळे ऑक्सिजन सहजी सुटत नाही, आणि आयन निघून गेल्यावर आकारमान सुमारे ७ टक्क्यांनी घटले तरी सांगाडा तोच राहतो. उणीव आहे ती व्होल्टेजची आणि वीजवाहकतेची. कणांवर कार्बनचा लेप दिल्यावर वीजवाहकतेची अडचण बरीच सुटली.

मोटारींच्या अधिक पल्ल्याच्या हव्यासातून निकेलबहुल शाखा वाढली; तिची रचना मूळ पुरुषासारखीच थरांची, पण कोबाल्टच्या जागी बहुतांश निकेल. निकेलचा आयन आकाराने लिथिअमच्या जवळचा असल्याने तो लिथिअमच्या जागी जाऊन बसतो आणि वाट अडवतो. त्याहून मोठा घात होतो तो भेगांमुळे: असा एक कण अनेक सूक्ष्म स्फटिकांचा गोळा असतो, ते वेगवेगळ्या दिशांनी फुगतात आणि आकसतात, त्यांच्या सांध्यांना तडे जातात आणि त्या तड्यांत इलेक्ट्रोलाइट शिरून नवे पृष्ठभागही खराब होऊ लागतात. म्हणून प्रत्येक कण एकच स्फटिक ठेवण्याचा मार्ग निघाला. कॅनडातील डलहौसी विद्यापीठात जेफ डाह्न यांच्या गटाने २०१९ मध्ये अशा कॅथोडच्या बॅटरी-घटांवरील प्रदीर्घ चाचण्या प्रसिद्ध केल्या आणि ते घट मोटारीला १६ लाख किलोमीटरहून अधिक चालवू शकतील असा अंदाज मांडला. सांधे नाहीसे झाले, ताण मात्र उरला. निकेलबहुल एकस्फटिकांतही चार्ज अधिक झाला की थर एकमेकांवरून सरकतात आणि त्या सरकण्याच्या रेषेवरच पुढे सूक्ष्म भेगा उमटू लागतात.