आनंद नांदतो तेव्हा

बंगळुरूत जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात भाजी घेताना चर्चहून परतणाऱ्या शेजारच्या आंटी भेटतात. गुडघे ठणकत असले तरी ‘कशा आहात?’ला उत्तर ठरलेले: ‘तुंबा संतोष!’ बरीच वर्षे मला वाटे, बाई भलत्याच समाधानी. पण आपला संतोष म्हणजे तृप्ती, पोट भरल्यावरची. कन्नड संतोष म्हणजे सरळ आनंदच.

बायबलातल्या पौलाने कैदेतून फिलिप्पैकरांना धाडलेल्या छोट्या पत्रात हा आनंद पुन्हा पुन्हा येतो. मूळ ग्रीक शब्द ‘खारा’, कृपेला म्हणतात त्या ‘खारिस’चा नातलग. मराठी बायबलात तिथे ‘आनंद’ आहे. त्याचा धातू नन्द्, आणि त्यातूनच आले आपले ‘नांदणे’! संस्कृतात नन्द् म्हणजे हर्ष होणे. मराठीत मात्र रोजच्या घरात राहणे, भांडी-धुणी, कुरकुर सगळे धरून. पंडिता रमाबाईंची लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी केडगावला त्यांचे बायबलचे भाषांतर थांबले नाही. ते पुरे करून १९२२ मध्ये त्याही गेल्या. कैदेतल्या पौलाच्या, लेक गमावलेल्या रमाबाईंच्या आनंदाला मला ‘हर्ष’ म्हणवत नाही. ‘नांदणे’ जवळचे वाटते.

हल्ली नांदते ती सून, नाहीतर बातम्यांतली शांतता. परवा फोनवर ताईने ‘कशी आहेस?’ विचारले. मी म्हटले, ‘नांदतेय.’

‘कुणाकडे?’ ताई म्हणाली.