लग्नघरचे हात

आपल्या इतिहासाच्या साधनांत लग्नें पुष्कळ सांपडतात. लग्नघर मात्र क्वचितच सांपडतें. कोणीं कोणास मुलगी दिली, त्यायोगें कोणती सोयरीक जुळली, कोणतें वैर मिटलें, आहेर किती झाला, याचा तपशील बखरकार आणि कारकून हौसेनें लिहून ठेवीत. १७८३ सालीं पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांचें लग्न झालें, त्या वेळच्या नाना फडणिसांच्या बंदोबस्ताची कीर्ति अजून सांगितली जाते. परंतु त्या लग्नांत, किंवा त्या काळच्या कोणत्याहि लग्नांत, गव्हले कोणीं वळले, मुंडावळ्या कोणीं गुंफल्या, अंतरपाटावर कुंकवाचें स्वस्तिक कोणीं रेखिलें, हें विचारूं गेलें असतां कागद मुके होतात. याचें कारण उघड आहे. खर्च लिहिला जातो तो पैशाचा. हातांचा खर्च लिहिण्याची चाल आपल्याकडे नव्हती. त्या न लिहिलेल्या खर्चाचा थोडासा हिशेब येथें मांडावयाचा आहे.

लग्न ठरलें कीं घरांत पहिली गडबड होई ती मुहूर्त करण्याची. सवाष्णी मिळून जात्यावर हळद दळीत, मुसळाला आंब्याचीं पानें बांधून घाणा भरीत, आणि पापड-सांडगे घालावयास आरंभ करीत. पुढें कित्येक दिवस दुपारच्या वेळीं माजघरांत आळीच्या बायका जमत. घट्ट भिजविलेला रवा चिमटींत धरून गव्हाहून बारीक दाणे वळावयाचे ते गव्हले, आणि नखानें मुरडावयाच्या त्या नखुल्या. वाटीभर गव्हल्यांना किती दुपारी लागतात हें वळणारीलाच ठाऊक. दारीं आंब्याच्या डहाळ्यांचें तोरण, मांडवाच्या खांबांना केळीचे खुंट, कपाळीं बांधावयास फुलांच्या मुंडावळ्या, हें सर्व घरच्या आणि शेजारच्या हातांनींच होई. ह्या वस्तूंचें आयुष्य मोठें अल्प. मुंडावळ्या संध्याकाळपर्यंत कोमेजत, तोरण चार दिवसांत सुके, गव्हले खिरींत शिजून जात. त्या टिकाव्या अशी कोणाची अपेक्षाच नसे; त्या वेळेवर व्हाव्या एवढीच काळजी असे.

ह्या नाशवंत वस्तूंमध्यें एक साधी वस्तु होती, ती म्हणजे सूत. विवाहविधींत वधूवरांभोंवतीं सुताचे वेढे घेतात, त्यास सूत्रवेष्टन म्हणतात. त्याच सुताला हळद लावून व हळकुंड बांधून दोघांच्या हातीं कंकण बांधतात. गिरण्या निघण्यापूर्वीं हें सूत अर्थातच कोणीतरी हातानें कांतलेलें असे. मंत्र म्हणणाऱ्या भिक्षुकाला दक्षिणा मिळे, त्याचें गोत्र आणि गांव सर्वांस माहीत असे. परंतु सूत कांतणारीचें नांव कोणीं विचारल्याचें ऐकिवांत नाहीं.

तिच्या हातांना लोकांसमोर मांडण्याची एकच जागा होती. ती रुखवताची. मुळांत रुखवत म्हणजे वधूपक्षाकडून वरपक्षाकडे न्यावयाचा फराळ. त्यांत लाडू-करंज्यांचीं ताटें असत, आणि त्यांतच कलाकुसर शिरली. एकोणिसाव्या शतकांत मुलींच्या शाळा निघाल्या, तेथें शिवण व विणकाम शिकवूं लागले, आणि ताटांच्या शेजारीं भरतकामाचे रुमाल, लोकरीचीं फुलें, मण्यांचे राघू येऊन बसले. रुखवत पाहतांना वाटणारें कौतुक खरें होतें, परंतु तें नुसतें कौतुक नव्हतें. ती मुलीची परीक्षाहि होती, आणि परीक्षक सगळे पलीकडच्या घरचे होते. टांका वांकडा पडला तर तो रुमालाचा दोष ठरत नसे. मुलीच्या वळणाचा ठरे. हौस आणि भीति एकाच सुईंत ओंवलेल्या होत्या. जुन्या लग्नघराच्या आठवणी काढून गहिंवरणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

स्त्रीच्या हातचें, किंबहुना मुखचें, लग्नांतलें एक देणें मात्र सातशें वर्षांहून अधिक काळ टिकून राहिलें आहे. महानुभाव पंथांतील महदंबा ही मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. ऋद्धिपूर येथें गोविंदप्रभूंच्या मनांत लग्नाची हौस आली, तेव्हां भक्तमंडळींनीं त्यांच्या लग्नाचा सोहळा मांडला, आणि त्या प्रसंगीं महदंबेनें श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गाइले. ही गोष्ट इ. स. १२८६ च्या सुमाराची. धवळे हीं वराला उद्देशून गावयाचीं लग्नगीतें. त्या मांडवांतलें पान-फूल केव्हांच मातीस मिळालें. धवळे राहिले, आणि त्यांबरोबर रचणारीचें नांवहि राहिलें. पंथानें तें जपून लिहून ठेविलें म्हणून हें झालें. ज्यांना असा लेखक भेटला नाहीं अशा कितीजणींचीं गाणीं जात्याबरोबर थांबलीं, त्यांची गणना कोण करणार?

पुढें काळ पालटला. विलायती सूत तर आधींच बाजारांत आलें होतें. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईस कापडाच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ सालीं ती गिरणी चालूं झाली. १८७७ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस नागपुरास जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. त्याच दिवशीं दिल्लीस दरबार भरून राणी व्हिक्टोरिया हिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें, आणि त्याच दरबारास पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातसुताच्या खादीचा पोषाख घालून गेले होते. चरखा माळ्यावर चालला असतां एका पुरुषानें त्याची बाजू घेतली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

ह्याच सुमारास लग्नाच्या खर्चाला आणि परीक्षेला दुसऱ्या बाजूनें धक्का बसला. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला, आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबर रोजीं समाजाच्या पद्धतीचें पहिलें लग्न ब्राह्मण पुरोहितावांचून व अगदीं थोड्या खर्चांत लागलें. पुढें जोतीरावांनीं रचिलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर परस्परांना वचनें देतात. मानपान आणि दक्षिणा काढून टाकली असतां लग्नांत काय उरतें, ह्या प्रश्नाचें तें उत्तर होतें. तेथें एकटी मुलगीच परीक्षेस बसत नव्हती. वरालाहि बोलावें लागत होतें. तथापि हातांच्या खर्चाचा प्रश्न तसाच राहिला, कारण स्वस्त लग्नांतहि भाकरी कोणीतरी थापतेंच.

तो प्रश्न एका लग्नांत अवचित उलटा होऊन पुढें आला. १९४२ च्या मार्च महिन्याच्या २६ तारखेस अलाहाबादेस आनंदभवनांत जवाहरलाल नेहरूंच्या कन्या इंदिरा यांचें लग्न झालें. वधूची आई कमला नेहरू १९३६ सालींच वारल्या होत्या. त्या दिवशीं वधूनें नेसलेली फिकट गुलाबी खादीची साडी पित्यानें तुरुंगांत कांतलेल्या सुताची होती. आजवर लग्नघरांत बाप पैसे मोजी, हात जोडी, आणि मुलगी निघतांना डोळे पुशी. तिच्या अंगावरचें वस्त्र सूत होऊन त्याच्या बोटांतून निघालें, असें क्वचितच घडलें असेल. कारागृहांत ज्याच्यापाशीं दुसरें कांहींच देण्याजोगें नव्हतें त्यानें आपला वेळ दिला, आणि वेळ साठवून ठेवण्यास सुतासारखें भांडें नाहीं. तीच साडी पुढें १९६८ सालीं सुनेनें आणि १९९७ सालीं नातीनें आपापल्या लग्नांत नेसली, असें प्रसिद्ध आहे.

१९४७ सालीं ह्याच सुताचा दुसरा धागा सातासमुद्रांपलीकडे गेला. त्या वर्षीं २० नोव्हेंबरला लंडनमध्यें राजकन्या एलिझाबेथ हिचें लग्न झालें. इंग्लंडांत तेव्हां कापडाचें रेशनिंग चालूं होतें, आणि वधूच्या पोषाखालाहि कुपनें लागलीं होतीं. आहेराच्या वस्तु मात्र अडीच हजारांहून अधिक आल्या. इकडे दिल्लींत दंगलींच्या आगींत राहणाऱ्या गांधीजींपाशीं देण्यासारखें कांहीं नव्हतें. माउंटबॅटन यांनीं सुचविल्यावरून त्यांनीं स्वतः कांतलेल्या सुताचें एक जाळीदार वस्त्र करवून पाठविलें. त्यावर मध्यभागीं 'जय हिंद' हीं अक्षरें विणलेलीं होतीं. सेंट जेम्स राजवाड्यांत सर्व आहेर मांडून ठेविला, तेव्हां वराची नव्हे, वधूचीच आजी, राणी मेरी, हिला तें लंगोटीचें वस्त्र वाटलें आणि ती रागावली, अशी हकीकत आहे. पलीकडच्या घरच्या परीक्षकांची भीति आपल्याकडे असते. त्या दिवशीं घरचेंच माणूस परीक्षक झालें आणि महात्म्याचें रुखवत नापास ठरलें! त्यानंतर अडीच महिनेहि झाले नाहींत तों, ३० जानेवारी १९४८ रोजीं, तें सूत कांतणारा हात कायमचा थांबला.

परंतु ह्या हकीकतींतली एक ओळ मनास अधिक लागते. सूत गांधीजींनीं कांतलें. तें विणलें मात्र एका पंजाबी मुलीनें. सर्वत्र तिचा उल्लेख 'एक पंजाबी मुलगी' एवढाच येतो. कांतणाऱ्याचें नांव जगाला ठाऊक, विणणारीचें नांव कोणी सांगत नाहीं. पुरुषानें चरखा हातीं धरला तेव्हां त्या कामाला प्रतिष्ठा आली, हें खरें; पण ती प्रतिष्ठा शेजारीं बसलेल्या मुलीपर्यंत पोंचली नाहीं.

हल्लीं मुंडावळ्या मोत्यांच्या मिळतात आणि रुखवत तयार विकत मिळतें. १९६१ च्या कायद्यानें हुंड्यास बंदी झाली, तरी मानपानाचीं नवीं नांवें निघतच आहेत. अशांत कित्येक तरुण जोडपीं आपल्या लग्नाचें तोरण, निमंत्रणपत्रिका, पाहुण्यांना द्यावयाची लहानशी आठवण, हें सर्व पुन्हा घरीं करूं लागलीं आहेत. त्यांचें कौतुक करतांना एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, हातचें म्हणजे स्वस्त असें समजूं नये, आणि तें काम वधूच्या एकटीच्या परीक्षेचें होऊं देऊं नये. वरानें गव्हले वळावे, बापानें मुंडावळ्या गुंफाव्या, म्हणजे त्या कामाला किती वेळ लागतो हें त्यांनाहि कळेल.

आणि एक गोष्ट करावी. आहेराची वही प्रत्येक लग्नघरीं असते. कोणीं किती दिलें तें तींत लिहितात. त्या वहीचें शेवटचें पान कोरें ठेवावें, आणि ज्यांनीं हात दिले त्यांचीं नांवें त्यावर लिहावीं. पुढचा इतिहासकार तें पान सर्वांत आधीं उघडील.