नाव परत मिळालेला वैमानिक

पहिल्या महायुद्धातले विमान म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूटही देत नसत. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर केंब्रिजला शिकले आणि १९१७ साली रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारी झाले. हिंदी माणसाला गोऱ्यांच्या बरोबरीचे लष्करी पद मिळणे तेव्हा दुर्मिळच. इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरल सेन आणि वेलिंगकर असे मोजकेच हिंदी वैमानिक त्या युद्धात लढले.

२७ जून १९१८ रोजी वेलिंगकर डॉल्फिन विमान घेऊन गेले, ते परतलेच नाहीत. जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जूनला वारले. जर्मनांनी त्यांना पुरले, पण चुकीच्या नावाने! ओळख पटली ती युद्ध संपल्यावर. आज फ्रान्समध्ये हँगारच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड आहे.

त्याच वर्षी निजामाच्या पैशातून ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला विमाने मिळाली. तिला 'हैदराबाद स्क्वाड्रन' म्हणत. नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्याच राज्यात. राज्याची तिजोरी भरायची ती आपल्या पणजोबांच्या शेतसाऱ्यावर. विमानांवर नाव मात्र निजामाचे.

असो. वेलिंगकरांना निदान त्यांचे नाव परत मिळाले.